चालता येईल असा चर

माझे आजेसासरे विहिरी खणत. वर्षातले आठ महिने ते जमिनीखालीच असत, म्हणून लोक त्यांना पाताळे म्हणत, आणि त्यांनाही ते नाव आवडे. त्यांचे पुत्र, म्हणजे माझे सासरे, चर खणत. त्यांच्या चराची भिंत इतकी उभी असे की गवंडी त्यांना ओळंबा म्हणत. ओळंब्यांचे पुत्र माझे यजमान. त्यांनी विहिरीही खणल्या आणि चरही, बोलणे मात्र आयुष्यभर मोजकेच केले, म्हणून ते अबोल. या तिघांच्या पाठीवर आमचे चार एकर उभे राहिले. चौथा माझा मुलगा. त्याला गाव खटपट्या म्हणते. हे नाव मला कधीच आवडले नाही, पण ते त्याने स्वतः कमावलेले आहे हे नाकारता येत नाही.

आमच्या घराण्यात चर देण्याघेण्याची एक रीत होती. चर पुरा झाला की ज्याच्यासाठी तो खणला तो माणूस आत उतरे आणि या तोंडापासून त्या तोंडापर्यंत चालत जाई. पायाला उंचवटा लागला नाही, खांदा कुठे अडला नाही, म्हणजे चर चांगला. दुसऱ्या तोंडाशी पोचल्यावर तो आतूनच बोले, "मिळाला", आणि मग खणणारा त्याला हात देऊन वर घेई. याला आम्ही चर चालून घेणे म्हणत असू. एकदा चालून घेतलेल्या चराबद्दल तक्रार करता येत नसे, आणि त्याचे देणे नाकारताही येत नसे.

मुलगा मांडीवर होता त्या वर्षी यजमान आमच्याच विहिरीपासून खालच्या वावरापर्यंत पाण्याचा चर खणत होते. पीक मान टाकू लागले होते. काम जेमतेम सुरू झाले होते आणि जुन्या भरावाची भिंत बसली. यजमान छातीपर्यंत मातीत गाडले गेले. वरच्या मळ्याचे आबा आणि त्यांचा तरुण मुलगा धावत आले, हातांनी माती उपसली आणि त्यांना बाहेर ओढले. मांडीचे हाड मोडले होते. दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता ते बापलेक आपले गडी घेऊन आले आणि त्यांनी आमचा चर शेवटपर्यंत खणून दिला. यजमान खिडकीशी खाटेवर पडून कुदळींचा आवाज ऐकत होते. तो आवाज किती वेळ थांबतो आणि पुन्हा केव्हा सुरू होतो, यावरून ते जमिनीचा कठीणपणा ओळखत.

मी मजुरी घेऊन गेले तेव्हा आबांनी हात मागे घेतला. आम्हाला कधी चर लागेल तेव्हा चरच द्या, म्हणाले. आपण काय परके आहोत?

पायाला फळ्या बांधलेल्या असताना यजमान त्या चरात उतरले. एका पायावर, दोन्ही हात दोन्ही भिंतींना टेकून, ते तो चर चालले. मी वरून कडेने त्यांच्या पावलाने चालत होते. त्यांच्या कपाळावरचा घाम चराच्या मातीत पडताना मला दिसत होता. दुसऱ्या तोंडाशी ते थांबले आणि म्हणाले, "मिळाला." आबांनी हात दिला आणि त्यांना वर घेतले.

तो पाय पुन्हा सरळ झाला नाही. यजमानांनी त्यानंतर कुदळ उचलली नाही. पुढे आबा गेले, मग यजमान गेले, आणि देणे त्यांच्या मुलाच्या आणि आमच्या मध्ये तसेच राहिले.

आबांचा तो तरुण मुलगा आता वरच्या मळ्याचा मालक आहे. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊंनी देणे कधी मागितले नाही. मागितले असते तर बरे झाले असते. ते फक्त येत आणि चहा घेऊन जात. ऐन उन्हात आमची पाण्याची पाळी आली की म्हणत, यंदा आमचं जरा जास्त सुकलंय, तुमची पाळी आम्हाला द्या, आपण काय परके? मुलाने छोटा ट्रॅक्टर घेतला त्या वर्षापासून पहिली नांगरट त्यांच्या रानात होऊ लागली. गाडीवाटेवर त्यांची गाडी समोरून आली की आमची गाडी काट्यांत उतरे. त्यांची गुरे आमच्या वावरात शिरली तर आम्हीच ती हाकलून त्यांच्या गोठ्यापर्यंत पोचवत असू. सून नवी होती तेव्हा एकदा तिने विचारले, आपण त्यांना नाही का म्हणत नाही? मी तिला चुलीवरचे पातेले उतरवायला सांगितले.

मुलाच्या हाताला यंत्राची ओढ होती. शहरातल्या एका वर्कशॉपच्या मालकाने त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. प्रत्येक हंगामात मुलगा सांगे, पुढच्या हंगामात येतो. हातावर देणे असलेल्या घरातला हात बाहेर जात नाही, हे मी त्याला लहानपणीच सांगितले होते.

यंदा ओढ्याचे पाणी आपल्या वरच्या टाकीत न्यावे असे भाऊंच्या मनात आले. एका सकाळी ते पाइपांच्या फिटरला घेऊन आमच्या अंगणात बसले, चहा घेतला, आणि चहा संपल्यावर आमच्या खालच्या वावरात गेले. आम्ही मागून पोचलो तोवर फिटरने खुंट्या ठोकायला सुरुवात केली होती. रोपांच्या वाफ्यांच्या मधोमध, ओढ्यापासून वरच्या मळ्यापर्यंत सरळ ओळ. कोपऱ्यात, जिथे आमची माती सर्वांत काळी आहे, तिथे पंपाची खोली. फिटर वाफ्यातून चालत होता आणि त्याच्या बुटांना रोपे चिकटत होती.

मुलाने हळू आवाजात विचारले की हे असे मधूनच का. भाऊ हसले. सरळ जाते म्हणून, म्हणाले. तुमचं आमचं असं कधी केलंय का आपण?

मी पुढे झाले. म्हणाले, "भाऊ, बांधाच्या कडेने चर आम्ही खणून देतो. आबांनी आम्हाला दिला होता तेवढाच भरेल. पंप तुमच्या हद्दीत राहील आणि आमचं देणं फिटेल."

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी मुलाकडे पाहिले, त्याच्या उजव्या खांद्याकडे पाहिले. तो खांदा लहानपणी झाडावरून पडून निखळला होता, हे त्यांना ठाऊक होते.

"कोण खणणार, वहिनी?"

"आम्ही."

त्यांनी फिटरला विचारले. फिटरच्या हातात खालच्या गावचे एक काम होते. ते उरकून तो पाइपांचा ट्रक घेऊन येणार होता. ठीक आहे, भाऊ म्हणाले, ट्रक येईल तेव्हा चर तयार असला तर बांधाने, नसला तर खुंट्यांनी. खुंट्या मात्र त्यांनी तशाच ठेवल्या. रोज पाणी द्यायला जाताना आम्हाला त्या ओलांडाव्या लागत.

मोठे खोदाईचे यंत्र भाड्याने आणता आले नसते. बांधाच्या दगडी भिंतीच्या आणि ओढ्याच्या मध्ये जी पट्टी आहे तीत जेमतेम एक बैलगाडी मावते. मजुरांना विचारले तर ते जमीन बघून परत गेले. पावसाळा सरून बरेच दिवस झाले होते आणि माती भाजलेल्या विटेसारखी झाली होती. मुलाने एक सकाळभर कुदळ चालवली. दुपारी त्याचा खांदा सुजून कानाकडे चढला होता. त्याने खणलेला खड्डा बघितला, पुढे पसरलेली पट्टी बघितली, कुदळ भिंतीला टेकवली आणि सायकल काढून भंगारवाल्याकडे गेला.

संध्याकाळी हातगाडीवरून एक लांब साखळी आली. खडी फोडण्याच्या कारखान्यातली होती ती, एकेक कडी माझ्या मुठीएवढी. दुसऱ्या दिवशी एका मोडक्या रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स आला आणि ट्रकच्या कमानीचे पोलादी पाटे आले. तिसऱ्या खेपेला वेल्डर स्वतः आला. हा रस्त्याकडेला एकटाच राहतो, दिवसभर ठिणग्यांकडे बघून त्याचे डोळे कायम लाल असतात, आणि उधारी सोडून दुसऱ्या कोणत्याही विषयावर तो न थकता बोलतो.

मुलाने अंगणात खडूने आकृती काढली. ट्रॅक्टरच्या मागे जो दांडा फिरतो त्याला गिअरबॉक्स जोडायचा, गिअरबॉक्सवर दातेरी चाक बसवायचे, त्या चाकावरून साखळी घ्यायची. साखळी एका लांब लोखंडी जिभेभोवती फिरेल. साखळीवर पोलादी पाट्याचे दात. जीभ जमिनीत उतरली की दात माती खरवडत वर आणतील आणि तिरकी पट्टी ती माती बाजूला ढकलेल. जीभ किती लांब हवी ते मी सांगितले. यजमानांची काठी अजून दाराआड उभी होती आणि तिच्यावर कमरेची खूण होती. मुलाने ती काठी जिभेसाठी आणलेल्या लोखंडी चॅनेलवर ठेवली आणि तेवढे कापले.

वेल्डरने आकृतीभोवती एक फेरी मारली.

"हे चालेल असं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग चालेल. सांगितलेलं काही चालत नाही."

पुढचे दिवस अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गॅसने पाटे कापले जात, त्यांचा निळा वास स्वयंपाकघरापर्यंत येई. सून भाजी चिरता चिरता उठून पाटे धरायला जाई. एक दात उजवीकडे वाकलेला, पुढचा डावीकडे, मग एक सरळ, असे दात बसले. दगड लागला तर गिअरबॉक्स फुटू नये म्हणून मुलाने दांड्यात एक मऊ बोल्ट घातला. दगड लागला की बोल्ट तुटणार आणि बाकी सगळे वाचणार. असे बोल्ट त्याने डबाभर आणले. मी तो डबा धान्याच्या कणगीवर ठेवला. आमच्या घरात तुटण्यासाठीच आणलेली ती पहिली वस्तू.

पहिल्या दिवशी यंत्र पट्टीवर नेले तेव्हा भाऊ बांधाच्या भिंतीवर बसायला आले. सोबत त्यांचे दोन गडी होते. मुलाने इंजिन सुरू केले, साखळी फिरवली आणि जीभ खाली सोडली. माती उडाली. माझ्या पायापर्यंत लाल कोरडी माती आली आणि क्षणभर मला वाटले की झाले. मग मुलाने ट्रॅक्टर पुढे घेतला आणि साखळी मातीवर चढली. ट्रॅक्टरने मागून लाथ मारल्यासारखी उडी घेतली, ठाक असा आवाज आला, बोल्ट तुटला.

दुसरा बोल्ट घातला, तोही तुटला. तिसराही. सर्वांत हळू गिअर टाकला तरी ट्रॅक्टर माणसाच्या चालीने जात होता, आणि त्या मातीत साखळीला मुंगीची चाल हवी होती. मुलाने क्लच अर्धा दाबून धरून पाहिला. थोड्या वेळाने खालून धूर आला आणि जळक्या रबराचा वास सुटला.

"उकरतंय खरं," भाऊ भिंतीवरून म्हणाले. "कोंबडी पण असंच उकरते."

गडी हसले. मुलगा ट्रॅक्टरवरून उतरला नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला, मान खाली, जणू उतरण्याची परवानगी त्याला नव्हती. मी भाऊंना चहा विचारला. ते म्हणाले, नको वहिनी, घरी जाऊन घेतो, आज करमणूक झाली.

पुढची कल्पना सुनेची, आणि ते मी स्पष्ट लिहून ठेवते, कारण मुलगा आता ती स्वतःची म्हणून सांगू लागला आहे. जेवायला वाढता वाढता ती म्हणाली की ट्रॅक्टरला पुढे चालवायचेच कशाला, तो ओढावा. मुलाने विचारले, कोण ओढणार, तू? तिने भिंतीकडे बोट दाखवले. पलीकडे गोठ्यात यजमानांची यारी पडून होती. विहिरीतला गाळ वर ओढायची हाताची यारी ती, तिला लहानमोठी दातेरी चाके आणि तारदोराचे रीळ. हातदांडा दहा वेळा फिरवला तर दोर वीतभर पुढे येतो. आमच्या आजेसासऱ्यांपासूनच्या विहिरींचा गाळ तिने वर आणला होता.

मुलाने ताट तसेच ठेवले आणि उठला.

यारी पट्टीवर पुढे नेली. तिला जखडण्यासाठी एक ओंडका जमिनीत आडवा पुरला, विहिरीवर पुरत तसाच. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, मागे साखळी फिरते आहे, आणि पुढून सून यारीचा दांडा फिरवते आहे. दोर ताठ झाला. ट्रॅक्टर हलला आहे की नाही हे मला चाकाजवळच्या खड्यावर नजर ठेवून पाहावे लागले. खडा हळूहळू चाकाखाली गेला. मागे जीभ पूर्ण आत होती आणि तिच्यामागे कमरेएवढा खोल, वीतभर रुंद, सुरीने कापल्यासारखा चर उघडत होता. ओळंब्यांनी पाहिला असता तर त्यांनी भिंतीवरून हात फिरवला असता.

मग दिवसांमागून दिवस तेच. पहाट फुटली की पट्टीवर, अंधारून आले की घरी. दोर संपला की ओंडका उकरायचा, पुढे नेऊन पुन्हा पुरायचा. सुनेच्या तळहातांवर आधी फोड आले, मग फोड फुटले, मग तिथे फडकी बांधली, मग फडकी मातीच्या रंगाची झाली. जेवताना तिला घास मुठीत धरावा लागे. मुलाच्या कानात साखळीचा आवाज इतका बसला की घरी आल्यावरही तो ओरडूनच बोले. मी मागून फावड्याने सांडलेली माती काढत असे आणि बोल्ट तुटला की नवा देत असे. माझ्या गुडघ्यांबद्दल मी बोलणार नाही. ट्रॅक्टरला मागे वळायला जागा नव्हती, एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला ओढ्याचा उतार, आणि आम्ही तिघे त्या बोळात दोराला बांधल्यासारखे इंचाइंचाने पुढे सरकत होतो.

एका दुपारी चर शेवटच्या टोकाला भिडला. मुलाने इंजिन बंद केले आणि इतकी शांतता झाली की ओढ्यातले पाणी ऐकू आले. भाऊ आले. त्यांनी चराच्या कडेने फेरी मारली, वाकून खोली पाहिली, मान डोलावली. मग एक पाय चरात घालून पाहिला. पोटरीपर्यंत गेला आणि अडकला. तो सोडवून घ्यायला त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"पाइप बसेल," ते म्हणाले. "पण हा चालून कसा घ्यायचा?"

मी मुलाकडे पाहिले, मुलाने चराकडे पाहिले. आम्ही तिघांनी इतके दिवस त्या चराशेजारी काढले होते, आणि चर देण्यात आयुष्य घालवलेल्या घरात कोणाच्या ध्यानात आले नव्हते की वीतभर रुंदीत माणूस उतरत नाही. मुलाने पाइपासाठी यंत्र केले होते. मी जिभेची लांबी सांगितली होती, रुंदी सांगितली नव्हती.

भाऊंचा आवाज मऊ झाला. ते म्हणाले, "राहू द्या वहिनी. एवढं केलंत तेच खूप. उरलंसुरलं राहिलं तर राहिलं. आपण काय परके आहोत?"

ते गेले. मुलगा यंत्राच्या पिना काढू लागला. मी त्याला ते थांबवायला सांगितले.

"का?"

"चर चालता येईल असा द्यायचाय."

तो उभा राहिला. त्याच्या भुवया मातीने लाल झाल्या होत्या.

"पाइपाला काय चालायचंय का, आई? पाइप बसतोय. वावर वाचलं. आणखी काय पाहिजे?"

मी म्हणाले, वावर यंदा वाचले. पुढच्या वर्षी त्यांना विहीर पाहिजे असेल, गाडीवाट पाहिजे असेल. राहिलं तर राहिलं म्हणजे काय हे तुला कळले नसेल तर मला कळले आहे. तुझे वडील मोडक्या पायाने आत उतरले तेव्हा दोन्ही भिंतींना हात टेकले म्हणून पुढे गेले. तो चर माणूस नेणारा होता. आपण त्याच्या बदल्यात फट देणार का?

सून दोराचे वेटोळे घालत होती, ती थांबली.

"भाऊंचं देणं फिटेल, आई," तो म्हणाला. "तुझं कधी फिटणार?"

पट्टी पुढे पडली होती. मी फावडे उचलले. थोड्या वेळाने मागून पिन पुन्हा बसवल्याचा आवाज आला.

रुंद जीभ नवी करायला वेळ नव्हता आणि ट्रॅक्टरला ती झेपलीही नसती. मुलाने दुसरा मार्ग काढला. पहिल्या चराच्या शेजारून, मध्ये हातभर माती सोडून, दुसरा चर काढायचा आणि मग मधली मातीची भिंत पहारीने पाडायची. माती पहिल्या चरात पडू नये म्हणून वेल्डरने तिरकी पट्टी उलट्या बाजूला लावून दिली. त्याने मजुरी सांगितली नाही, एवढेच म्हणाला की माणसाने एकदा वेडेपणा सुरू केला की तो अर्ध्यात सोडू नये, त्याने वेल्डिंगचा धंदा बुडतो.

यंत्र बांधाला वळसा घालून पुन्हा सुरुवातीच्या तोंडाशी आले. आता ट्रॅक्टरचे एक चाक पहिल्या चराच्या अगदी कडेने चालणार होते. त्याखाली आम्ही फळ्या टाकत गेलो, मागची फळी उचलून पुढे, पुन्हा मागची पुढे. फळीखालून माती चरात गळे आणि प्रत्येक वेळी माझ्या छातीत कोणी माती भरतो आहे असे मला वाटे. मुलगा वर बसला होता, मान वळवून चाकाकडे बघत. सून यारीवर. तिला मी हाताने खूण करत असे, थांब, चल, थांब.

मध्यावर जमीन मऊ लागली. कडा बसली, फळी तिरकी झाली आणि ट्रॅक्टर चराकडे कलला. मुलाचा एक पाय वर उडाला, दुसरा ट्रॅक्टरच्या आणि दगडी भिंतीच्या मध्ये आला. साखळी फिरतच होती. मी बंद कर म्हणाले, की फक्त तोंड उघडले, आठवत नाही. सुनेने यारीचा दांडा सोडला नाही. दोर ताठ राहिला म्हणून ट्रॅक्टर पूर्ण उलटला नाही. मुलाने वाकून इंजिन बंद केले. पाय हळूहळू काढला. पोटरीची साल गेली होती, हाड शाबूत होते. तो जमिनीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तो पाय धरून ठेवला. मीही बसले. बराच वेळ आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

मग सून म्हणाली, "मी दांडा किती वेळ धरून ठेवू?"

मुलगा हसला. उठला, चाकाखाली दगड रचले, आणि सुनेने यारीचा एकेक दाता मोजत ट्रॅक्टर वर ओढला. त्या दिवशी दुसरा चर पहिल्याच्या बरोबरीला आला.

राहिली मधली भिंत. तिला यंत्र नव्हते. यजमानांची पहार होती, सासऱ्यांची कुदळ होती, आणि आमची तीन अंगे. मुलगा डाव्या हाताने पहार मारे, भिंतीचे ढेकूळ सुटे, सून ते टोपलीत भरे, मी टोपली वर घेई. चर रुंद होत गेला तसा आम्ही त्यात उतरलो. वाकले की आतून जग म्हणजे वरची एक पट्टी आणि दोन्ही बाजूंना माती. माझे वय झाले आहे, पण पाताळ्यांच्या घरात येऊन मी तोवर कधी चरात उतरले नव्हते. भिंतीला हात टेकला तेव्हा ती गार होती.

शेवटचा तुकडा उरला असताना वरच्या रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला. पाइप आले होते. फिटर भाऊंना घेऊन बांधावर आला. घड्याळ बघत तो म्हणाला की त्याला आजच पाइप उतरवून जायचे आहे. भाऊ वावरातल्या खुंट्यांकडे पाहून म्हणाले, मग काय, खुंट्यांनीच.

मुलाने पहार खाली ठेवली नाही. मी चरातूनच फिटरला विचारले की जेवला का. तो नाही म्हणाला. मी म्हणाले आमच्या घरी जेव, ताट झाकून ठेवले आहे, चहाही आहे, सावकाश ये. फिटरने भाऊंकडे पाहिले, मग आमच्या घराकडे पाहिले आणि तो निघाला. भुकेल्या माणसाला भाऊंनाही अडवता आले नाही.

तो हात धुऊन परत आला तेव्हा शेवटचे ढेकूळ टोपलीत होते. सुनेने तळ झाडून काढला. खरोखरच्या झाडूने काढला. मुलगा वर चढला, मला वर घेतले, आणि आम्ही तिघे दूरच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो.

मी म्हणाले, "भाऊ, चर चालून घ्या."

ते हसले. आता कशाला वहिनी, दिसतोय की चांगला, म्हणाले. मी तिथेच उभी राहिले. फिटर पाइपावर बसून दात कोरत होता, गडी बघत होते. भाऊंनी चपला काढल्या, बूड टेकवून आत उतरले. शरीर जड झाले आहे त्यांचे. पहिल्या पावलाला त्यांनी एका भिंतीला हात टेकला, थोड्या वेळाने दुसऱ्यालाही. कमरेपासून वर ते दिसत होते, खाली माती होती. सबंध पट्टीभर ते तसे चालत आले, आणि मला ठाऊक असलेला एक माणूस एका पायावर असाच आला होता, एवढेच मी मनात म्हणाले.

कुठे खांदा अडला नाही. कुठे पाय अडखळला नाही. आमच्यासमोर येऊन ते थांबले. धाप लागली होती. कडा त्यांच्या पोटाशी आली होती आणि वर चढायला आधार नव्हता. त्यांनी हात वर केला. मुलगा सवयीने लगेच वाकला.

मी मुलाच्या मनगटावर हात ठेवला.

"आधी शब्द, भाऊ."

ते खालून माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना वरून पाहिले नव्हते. टाळूवरचे केस विरळ झाले होते आणि मानेवर आमच्या चराची माती होती.

"मिळाला," ते म्हणाले. "फिटलं."

"किती?"

त्यांचा हात तसाच वर होता.

"सगळं फिटलं, वहिनी. काही राहिलं नाही."

मी मुलाच्या मनगटावरचा हात काढला.

"दे आता हात," मी म्हणाले.